भेगेचा पंचनामा

रस्त्याच्या खड्ड्याबद्दल मत नसलेला माणूस ठाणे जिल्ह्यात सापडायचा नाही. कल्याणहून मोहन्याला निघालेल्या शेअर रिक्षात तीन अनोळखी माणसं बसली, की शहाड यायच्या आत डांबराचा दर्जा, खडीचा आकार आणि देशाचं भवितव्य या तिन्हींवर त्यांचं एकमत झालेलं असतं. मलाही मत होतं. इतरांचं मत रिक्षातून उतरताना सुट्या पैशांच्या हुज्जतीत विरून जातं. मी मात्र माझं मत कॉम्प्युटरवर सिद्ध करायला गेलो.

आधी गावाविषयी. मोहने हे आंबिवली स्टेशनाजवळचं, उल्हास नदीच्या काठचं गाव. नॅशनल रेयॉन, म्हणजे आमची एनआरसी, ही इथली एके काळची ओळख. रेयॉनचा धागा आणि टायरच्या पोटात घालायची कॉर्ड तिथं तयार व्हायची. २००९ साली कारखान्याला टाळं लागलं. तोवर भोंग्यावर घड्याळ लावणारं आमचं घर पुढे पाण्याच्या टँकरवर घड्याळ लावू लागलं. आता, नदी उशाशी असताना टँकर कशाला, असं कोणी विचारेल. कल्याण-डोंबिवलीला जाणारं पाणी मोहन्याच्या बंधाऱ्यापाशीच नदीतून उचललं जातं. पाण्याला तोटा नाही. तोटा आहे तो आमच्या सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत. ती गळते. सकाळी भरलेलं पाणी दुपारपर्यंत खाली जातं आणि टँकर मागवावा लागतो. टाकीच्या दुरुस्तीचा विषय दर सभेत निघतो आणि खजिनदार 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून तो बाजूला सारतो. टँकरला फोन करणारा पाणी समितीचा प्रमुख आणि हा खजिनदार एकच गृहस्थ आहेत. तो मी. ही माहिती वाचकांनी ध्यानात ठेवावी. मी ठेवली नव्हती.

आमची सोसायटी दोन विंगांची. गेटापासून मागच्या टाकीपर्यंत आमचा स्वतःचा डांबरी रस्ता आहे, सोसायटीच्या पैशांनी केलेला. बी विंगमधल्या एका गृहस्थांनी दसऱ्याला भलीमोठी एसयूव्ही घेतली. गाडीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, सगळ्यांना पेढे वाटले. मी पेढे खाल्ले आणि त्याच दिवसापासून त्या गाडीकडे संशयाने बघू लागलो. पुढच्या पावसाळ्यात रस्त्याला भेग दिसली. आधी गाडी, मग भेग. ए विंगला एवढा पुरावा पुरेसा होता. जड गाड्यांच्या मालकांकडून दरमहा 'रस्ता झीज निधी' घ्यावा, असा ठराव मी कच्चा लिहूनही ठेवला.

भेग तशी बघण्यासारखी होती. गेटापाशी एकेरी, पुढे तिला फाटे, फाट्यांना उपफाटे, आणि टाकीजवळ तर हाताच्या पंजाएवढे तुकडे सुटे पडलेले. इंजिनिअर लोक या नक्षीला मगरीच्या पाठीचं नाव देतात. पाऊस थांबून बराच वेळ झाला तरी एखादं चाक गेलं की भेगेतून पांढुरकं पाणी चुळकन वर यायचं आणि कडेला बारीक मातीचा थर धरायचा. मे महिन्यातही तिथं हिरवं गवत असायचं. मी त्याला निसर्गाची किमया समजत होतो.

आरोपी ठरला होता, गुन्हा डोळ्यांसमोर होता, राहिला फक्त पुरावा. तो भाच्याच्या पावलांनी घरात आला.

भाचा एम. टेक. करतो. डांबरी मिश्रणात भाराखाली भेग कशी पडते आणि कशी वाढते याचं कॉम्प्युटरवर मॉडेल करायचं, हा त्याच्या प्रबंधाचा विषय. श्रावणात मामीच्या हातचं जेवायला म्हणून तो लॅपटॉप घेऊन आमच्याकडे राहायला आला. मी त्याला चहा पिऊ दिला आणि खाली नेऊन भेग दाखवली. तो उकिडवा बसला, सुट्या तुकड्याखाली बोट घातलं, बोटाला लागलेला चिखल बघितला आणि "हं" म्हणाला. त्या 'हं'मध्ये माझा पुढचा सगळा फजितवाडा होता, पण मला एसयूव्हीखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

"मामा, तुमच्या कामाचं एक सॉफ्टवेअर आहे," तो म्हणाला. "आयआयटीपेव्ह. खरगपूरच्या आयआयटीत तयार झालंय. इंडियन रोड्स काँग्रेसची डांबरी रस्त्यांची जी ३७ नंबरची मार्गदर्शिका आहे ना, तिच्याबरोबर वापरतात."

त्याने सांगितलं ते असं. रस्ता म्हणजे थरांवर थर. वर डांबरी, त्याखाली खडीचे, सर्वांत खाली मुरूम-माती. प्रत्येक थराची जाडी आणि कडकपणा सांगायचा, वर चाक ठेवायचं, की सॉफ्टवेअर आतल्या कुठल्याही बिंदूवर किती ताण येतो ते काढून देतं. डिझाइन करणारा त्यातल्या दोन जागा बघतो. एक, डांबरी थराचा तळ. तिथं थर किती ताणला जातो त्यावरून भेगांचा अंदाज. दुसरी, मातीचा माथा. तिथं किती दाबलं जातं त्यावरून चाकोऱ्यांचा.

"तळ कशाला? भेग तर वर आहे."

"वर दिसते, मामा. चाक दाबतं तेव्हा थर वाकतो आणि खालची बाजू ताणली जाते. अशा रस्त्यात भेग बहुतेक वेळा तिथं जन्मते आणि वर चढत येते. तुम्हाला दिसली तेव्हा ती जुनी झालेली होती."

हे ऐकून कोणीही शहाणा माणूस विचारात पडला असता. मी लॅपटॉप ओढून घेतला. ऑफिसात एक्सेलमध्ये व्हीलुकअप लावता येणारा मी एकटा आहे, त्यामुळे कॉम्प्युटरपुढे बसलो की माझा स्वतःवरचा विश्वास वाजवीपेक्षा जास्त असतो.

रात्री मी विषयाचा अभ्यासही केला. पहिल्याच पानावर आपला माणूस भेटला. भारतातल्या रस्त्यांचं काय करायचं हे ठरवायला १९२७ साली जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. रस्ते हा राष्ट्राचा विषय आहे, तो नुसत्या स्थानिक संस्थांवर सोडून भागणार नाही, असं त्या समितीने सांगितलं, आणि त्या वाटेनेच पुढे १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. एका मराठी बॅरिस्टराने देशाच्या रस्त्यांचा खटला चालवला होता. एका मराठी हिशेबनिसाने सोसायटीच्या रस्त्याचा का चालवू नये, असं मला वाटलं. झोप छान लागली.

सकाळी सॉफ्टवेअरने पहिला प्रश्न विचारला: डांबरी थराची जाडी? मी खजिनदाराच्या कपाटातून रस्त्याचं जुनं बिल काढलं. त्यावर ५० मिलिमीटर लिहिलं होतं. ५० टाकले. कडकपणा? मार्गदर्शिकेत तापमानाप्रमाणे तक्ता असतो. डांबर उन्हाळ्यात मऊ पडतं, थंडीत कडक होतं, म्हणून तापमान पाहिजे. आपल्याकडे साधारणपणे ३५ अंश धरतात, असं भाच्याने सांगितलं होतं. पण मला मोहन्याचं तापमान हवं होतं. श्रावणातलं ऊन पडल्यावर मी घरातला तापाचा थर्मामीटर भेगेत खुपसून उभा राहिलो. तापाचा थर्मामीटर जेमतेम ४२-४३ अंशांपर्यंत जातो आणि उन्हातलं डांबर सहज त्याच्या वर जातं. यंत्राने आकडा देणं बंद करून नुसतीच पीप पीप सुरू केली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "ताप कोणाला आलाय?" मी म्हटलं, "रस्त्याला." दुपारपर्यंत ही बातमी दोन्ही विंगांत पोचली होती आणि तिचा पूर्वार्ध गळाला होता. संध्याकाळी दोघं जण माझ्या तब्येतीची चौकशी करून गेले.

पुढचा प्रश्न टायरमधल्या हवेच्या दाबाचा. मी नाक्यावरच्या पंक्चरवाल्याला विचारलं. ट्रकच्या टायरात ऐंशीच्या आसपास हवा भरतो, असं तो म्हणाला. मी ८० टाकले. पंक्चरवाल्याचे ऐंशी पीएसआयमधले होते आणि सॉफ्टवेअर मागत होतं मेगापास्कल. तिथं ०.५६ लिहायचं असतं. माझ्या आकड्याचा अर्थ असा झाला, की दोन टनांचा भार रुपयाच्या नाण्याहून लहान ठिपक्यावर टेकवलाय. उत्तर आलं, त्यावरून रस्त्याचं आयुष्य काढलं. गाडीची एकही फेरी पुरी होत नव्हती. मी बायकोला म्हटलं, "बघ, मी म्हणत नव्हतो?" ती म्हणाली, "अहो, पण रस्ता आहे की अजून. त्यावरूनच भाजी घेऊन आले."

भाच्याने आकडा दुरुस्त केला आणि आयुष्य काढायचं सूत्र समजावलं. त्या सूत्रात तळाला पडणारा ताण ३.८९ व्या घातात येतो. म्हणजे ताण दुप्पट झाला तर आयुष्य निम्मं होत नाही, पंधराव्या हिश्श्यावर येतं. मी आयुष्यभर सरळ व्याजाचे हिशेब केलेले. हे चक्रवाढीच्याही पलीकडचं निघालं. थर थोडा पातळ झाला, खालची खडी थोडी ढिली झाली, भार थोडा वाढला, की आकडे कड्यावरून खाली उडी घेतात.

"पण यात भेग कुठाय?" मी विचारलं. पडद्यावर नुसती आकड्यांची रांग होती. मला सभेत दाखवायला भेग पाहिजे होती.

"यात भेग नाहीच, मामा. हे सॉफ्टवेअर सगळे थर अखंड धरतं. किती फेऱ्यांनंतर भेगा पडतील, हे रस्त्यांच्या पाहणीवरून बसवलेल्या सूत्रातून काढायचं. भेग पडताना बघायची तर वेगळं मॉडेल लागतं. माझं ते आहे."

मग त्याने मला त्याच्या शास्त्राची वंशावळ सांगितली. १९२१ साली ग्रिफिथ नावाच्या इंग्रज अभियंत्याने काचेवर काम करून दाखवलं, की वस्तू सगळीकडून सारखी तुटत नाही; आधीची बारीकशी चीर ताण स्वतःच्या टोकाशी गोळा करते. पुढे पॉल पॅरिस या अमेरिकन अभियंत्याने भाराच्या प्रत्येक फेरीला भेग कितीशी पुढे सरकते, याचा नियम मांडला. भेग जेवढी लांब तेवढी ती जोरात धावते. त्याचा हा लेख तीन नावाजलेल्या नियतकालिकांनी साभार परत केला आणि १९६१ साली तो विद्यापीठाच्या एका छोट्या अंकात छापून आला. वाचकांच्या पत्रव्यवहारात माझं एकही पत्र अजून छापून आलेलं नाही, त्यामुळे पॅरिस मला एकदम घरचा वाटला.

"काच आणि लोखंड परवडलं," भाचा म्हणाला. "डांबराचं तसं नाही. चिक्कीसारखं आहे ते. खडी म्हणजे दाणे, डांबर म्हणजे गूळ. गरम असताना वाकते, गार असताना मोडते. शिवाय हळू दाबलं तर वाकते, झटका दिला तर तुटते."

हे बोलून तो आंघोळीला गेला. शास्त्रज्ञांच्या घरात असं वाक्य बोलून आंघोळीला जाऊ नये.

बायकोने श्रावणी सोमवारासाठी शेंगदाण्याची चिक्की करून डब्यात ठेवली होती. भाच्याच्या प्रबंधात एका चाचणीचं चित्र मी बघितलं होतं. डांबरी मिश्रणाची अर्धगोल चकती घ्यायची, सपाट बाजूच्या मधोमध खाच पाडायची, दोन टोकांवर टेकवायची आणि वरून दाबायची. खाचेतून भेग निघून वर जाते आणि मोडताना किती ताकद खर्च झाली ते यंत्र लिहून घेतं. मी वाटीने चिक्कीच्या अर्धगोल चकत्या कापल्या, सुरीने मधोमध खाचा दिल्या. एक फ्रीझरमध्ये ठेवली, एक खिडकीत उन्हाला. मग दोन खलबत्त्यांवर चकती आडवी टेकवून वर पितळी वजनं ठेवू लागलो.

फ्रीझरमधली चकती काही न सांगता टाळकन मोडली. वजन खाली पडलं, तिथं माझा अंगठा होता. वेदना ओसरल्यावर मी तुकडे जुळवून बघितले. भेग सरळ रेषेत गेली होती. वाटेत आलेल्या दाण्यांचे तिने बिनदिक्कत दोन भाग केले होते. उन्हातली चकती मात्र मोडेचना. वजनाखाली ती आधी नमली, मग खाचेपाशी तिला एक वाकडीतिकडी चीर पडली. ही चीर दाण्यांना वळसा घालून, गूळ आणि दाणा यांच्या सांध्यातून वाट काढत वर गेली होती. दाणे शाबूत, गूळ सुटलेला.

"मामा!" भाचा टॉवेलवरच बाहेर आला. "हेच! अगदी हेच होतं!" गार मिश्रणात भेग खडी फोडून जाते, गरम असताना खडी आणि डांबराच्या सांध्यातून. म्हणून मॉडेल करताना दाणा, डांबर आणि सांधा या तिघांचे गुणधर्म वेगळे द्यावे लागतात. काही संशोधक तर नमुन्याचा सीटी स्कॅन काढून खऱ्या खडीचे खरे आकार कॉम्प्युटरमध्ये उतरवतात. आम्ही दोघं आनंदाने खाली सांडलेला चुरा खात होतो, तेवढ्यात मामी आली. उपासाला काय खायचं, असं तिने विचारलं. शास्त्राकडे याचं उत्तर नव्हतं.

आता मला थांबवणं अशक्य होतं. त्या रात्री भाचा झोपल्यावर मी त्याचं मॉडेल उघडलं. त्यात रस्त्याचा उभा छेद असतो आणि त्याचे असंख्य बारीक चौकोन पाडलेले असतात. चौकोनांच्या सांध्यांना एक ठरावीक चिकटपणा दिलेला असतो. ताण त्यापलीकडे गेला की सांधा हळूहळू सुटतो आणि तीच भेग. चौकोन जितके बारीक तितकं चित्र चांगलं, हे मी कुठेतरी वाचलं होतं. मी आकडा शक्य तेवढा बारीक केला, चाकाच्या जागी आधीच भरलेला भार तसाच ठेवला, फाइलला 'एसयूव्ही अंतिम' असं नाव दिलं आणि बटण दाबलं.

लॅपटॉपने असा आवाज काढला, की आमचा टेबलफॅन लाजला. रात्रभर तो मोजत होता. पहाटे पडद्यावर लाल अक्षरांत निरोप होता, की उत्तर जुळत नाही, काम थांबवलंय. भाच्याने सांगितलं, की भेगेच्या मॉडेलमध्ये हे नेहमीचं आहे. सांधे सुटायला लागले की समीकरणांचे पायही सुटतात. वैतागाची गोष्ट ही, की त्याचं स्वतःचं आठवडाभर चालणारं गणित मी या भानगडीत बंद केलं होतं. तो काही बोलला नाही. बहिणीचा मुलगा आहे, संस्कार चांगले आहेत. त्याने चौकोन मोठे केले, पावलं लहान केली आणि दुपारपर्यंत मला चित्र काढून दिलं. निळ्या-हिरव्या थरांवर चाकाखाली लालभडक डाग आणि त्या डागाच्या तळापासून वर चढणारी काळी भेग. इतकं देखणं आरोपपत्र मी आजवर बघितलं नव्हतं.

रविवारी सभा बोलावली. गच्चीच्या जिन्यातल्या भिंतीवर चादर लावली, प्रोजेक्टर भाड्याने आणला. मी जयकरांपासून सुरुवात केली. पॅरिसपर्यंत येईतो दोघं झोपले होते. मग चित्र दाखवलं. सगळे जागे झाले. मी पट्टीने लाल डाग दाखवून म्हणालो, "हा भार अमुक एका गाडीचा आहे. नाव घेत नाही."

बी विंगमधले गृहस्थ शांतपणे उठले. "किती धरलाय भार?"

"चाकाला वीस हजार न्यूटन." आकडा मोठा असल्यामुळे मी तो मोठ्याने सांगितला.

"म्हणजे दोन टन?"

"असेल."

"एका चाकाला? अहो, माझी अख्खी गाडी दोन टन भरत नाही!"

मी भाच्याकडे बघितलं. भाचा चादरीकडे बघत होता. सभेने आग्रह केल्यावर त्याला बोलावं लागलं. सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरलेला भार म्हणजे ट्रकच्या मागच्या ॲक्सलचं प्रमाण. एका ॲक्सलला चार टायर, मिळून ८० किलोन्यूटन, म्हणजे आठ टनांच्या वर. गाडीची फाइल मी केली होती. आत ट्रक होता.

"मग गाडीने रस्त्याला किती त्रास होतो?" अध्यक्षांनी विचारलं.

इथं भाच्याने अमेरिका काढली. १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर लष्कराचे जवान ट्रक घेऊन गोल गोल फिरत होते. रस्त्यांवरून अकरा लाखांहून जास्त ॲक्सल गेले. त्या चाचणीतून एक ढोबळ नियम निघाला: रस्त्याचं नुकसान ॲक्सलच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढतं. भार दुप्पट, तर नुकसान सोळा पट. भाच्याने चादरीवरच हिशेब मांडला. पावणेदोन-दोन टनांची गाडी, प्रत्येक ॲक्सलला टनाच्या आतच. दहा हजार लिटरचा भरलेला टँकर, मागच्या ॲक्सलला दहा टन, पुढच्याला पाच. एक भरलेला टँकर आत येणं म्हणजे त्या एसयूव्हीच्या ५,३०० हून जास्त फेऱ्या. रोज एकदा बाहेर, एकदा आत असं धरलं, तर जे नुकसान करायला गाडीला सात वर्षांहून जास्त लागतील, ते टँकर एका खेपेत करतो.

सभा स्तब्ध झाली. मग बी विंगमधल्या गृहस्थांनी विचारलं, "टँकर कोण मागवतो?"

या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना माहीत होतं, तरी अध्यक्षांनी ते इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं.

एवढ्यावर निभावलं असतं. पण भाचा आता रंगात आला होता. तो म्हणाला, की टँकर हे अर्धंच कारण आहे. त्याने पहिल्या दिवशी काढलेला तुकडा खिशातून बाहेर काढला आणि माझ्याच हातातली पट्टी घेऊन मोजला. जाडी २० मिलिमीटर भरली. बिलात ५० होती. बिल कपाटातून मागवलं गेलं. त्याखाली 'काम पाहिले, समाधानकारक आहे' असा शेरा होता आणि सही खजिनदाराची.

"आणि खाली चिखल होता," भाचा पुढे म्हणाला. "पावसाचं पाणी वरून जातं, पण मे महिन्यात गवत कसं हिरवं राहतं? खालून पाणी येतंय. टाकी गळतेय." त्याने लॅपटॉपवर खडीच्या थराचा कडकपणा कमी केला, जाडी ५० ची २० केली आणि पुन्हा गणित चालवलं. आयुष्याचा आकडा मी पंक्चरवाल्याच्या ऐंशीवर काढलेल्या आकड्याइतका वाईट नव्हता, पण त्याच्या शेजारी उभा राहील असा होता. पाणी खडी आणि डांबराचा सांधा सोडवतं, खालची बारीक माती धुऊन नेतं, चाक गेलं की तेच पाणी पिचकारीसारखं वर फेकलं जातं. गळकी टाकी खालून रस्ता पोकळ करत होती, ती भरायला येणारा टँकर वरून दाबत होता, आणि मधल्या डांबराचे तीस मिलिमीटर माझ्या सहीने अदृश्य झाले होते. तीन कारणं, आरोपी एक. कॉम्प्युटरने सांगितलेलं शेवटी तंतोतंत खरं निघालं. खोटं होतं ते मी त्याला सांगितलेलं.

एसयूव्हीवाल्यांनी मोठेपणा दाखवला. 'रस्ता झीज निधी'चा माझा ठराव त्यांनीच वाचून दाखवला आणि त्याला अनुमोदन दिलं, फक्त 'जड गाड्यांचे मालक' या शब्दांच्या जागी 'टँकर मागवणारा' असा बदल सुचवला. तो एकमताने मंजूर होता होता राहिला, कारण बायको सभेत होती आणि तिने नकारार्थी हात वर केला. चिक्कीचं प्रकरण ताजं असताना तिने असं करावं, याला मी संसार म्हणतो.

त्यानंतर टाकी दुरुस्त झाली. टँकर क्वचित येतो, आणि आला तर गेटाबाहेर उभा राहून पाइप आत सोडतो. टाकीजवळचे सुटे तुकडे उचलून खालची ओली माती काढली, नवी खडी दाबून बसवली, वर डांबराचा थर दिला. उरलेल्या बारीक भेगा पुढच्या मे महिन्यात, कोरड्या हवेत, साफ करून गरम डांबराने बुजवल्या. थर घालताना पट्टी घेऊन मी उभा होतो. कंत्राटदार म्हणाला, "साहेब, एवढं कोणी मोजत नाही." मी त्याला सांगितलं, की आमच्याकडे आता मोजतात, आणि न मोजणाऱ्याचं नाव इतिवृत्तात लिहितात.

तुमच्याही सोसायटीत रस्त्यावरून दोन विंगांत धुसफुस चालू असेल, तर सॉफ्टवेअर मागवण्याआधी एवढं करा. भेगेतलं पाणी पावसाचं आहे की टाकीचं, ते कोरड्या महिन्यात बघा. गाड्या मोजू नका, ॲक्सलवरचं वजन बघा. रस्ता फोडतो तो टँकर आणि ट्रक, शेजाऱ्याची गाडी नव्हे. भेगा पावसाआधी भरा. आणि खजिनदाराने बिलावर सही करण्यापूर्वी त्याच्या हातात पट्टी द्या.